गोचिडींचा बिझनेस प्लॅन

एका जंगलात गोचिडी फार झाल्या होत्या, मुलांनो.

मागे केस पिकलेले काही जण बसलेत. त्यांनाही मी मुलांनोच म्हणणार आहे. राग मानू नका, आणि मोबाइल पालथे ठेवा.

गोचीड माहीत आहे ना? चिमुकला जीव. जनावराच्या कानात, काखेत, शेपटीखाली जाऊन बसते. रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढी फुगते. स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर गलेलठ्ठ होते. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी आलं असेल तर नाव घेऊ नका. गोष्ट लांबेल.

त्या जंगलात तानी नावाची एक साळुंकी राहत होती. पिवळी चोच, पिवळे पाय, स्वभाव चटपटीत. गोचिडी काढण्यात तिच्यासारखं कुणी नव्हतं. झोपलेल्या भेकराच्या पापणीवरची गोचीड ती अशी उचलायची, की भेकराचं स्वप्नसुद्धा मोडायचं नाही.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे दाजीबा गवा. म्हातारा, टेकडीएवढा, आणि कमी बोलणारा. तानी त्याच्या कानात डोकं घालून काम करायची. दाजीबा डोळे मिटून उभा राहायचा.

"दाजीबा, झोपलात का?"

"नाही गं. सुखात आहे."

मोबदला काय, असं विचाराल. गोचीड हाच मोबदला. त्याला बरं वाटायचं, हिचं पोट भरायचं. सगळं इतकं सोपं होतं, की याला धंदा म्हणतात हे दोघांनाही माहीत नव्हतं.

अडचण एकच होती. गिऱ्हाइकं विखुरलेली. दाजीबा वरच्या पठारावर, भेकरं खालच्या दरीत, सांबरं पार पलीकडच्या डोंगराला. तानीचा अर्धा दिवस उडण्यातच जायचा. चार गोचिडी मिळाल्या, तर त्यातल्या तीन पंख हलवण्यात खर्ची पडायच्या.

एकदा तिच्या मनात आलं, दुपारी सगळी जनावरं तळ्यावर पाणी प्यायला येतातच. तळ्याकाठी मोठं जांभूळ आहे. त्याच्या फांदीवर आपण बसून राहिलो, तर? आपण त्यांच्याकडे जाण्याऐवजी तेच आपल्याकडे येतील.

कल्पना चांगली होती. म्हणूनच ती घेऊन तिला सरकारात जावं लागलं.

जंगलाचे सचिव होते मुंगूस. ते वारुळावर फायली पसरून बसले होते.

"साहेब, जांभळावर बसायचं होतं," तानी म्हणाली.

"पूर्वी कुणीही बसायचं," सचिव म्हणाले. "आता धोरण आलंय. महाराजांनी नवउद्योजकांसाठी बिझनेस प्लॅन स्पर्धा जाहीर केली आहे. जो पहिला येईल, त्याला झाड."

"मला झाड नको. एकच फांदी द्या."

"फांदी वेगळी देता येत नाही."

"मग स्पर्धा होईपर्यंत बसू का?"

सचिवांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, तुम्ही आधीच काम सुरू केलंत, तर तुम्हाला नवउद्योजक कसं म्हणायचं?"

झालं. तानीने अर्ज भरला. अर्जात एक रकाना होता, 'मार्गदर्शकाचे नाव'. तो रिकामा सोडता येत नव्हता. म्हणून ती हुप्पे सरांकडे गेली.

हुप्पे सर म्हणजे वानर. वडाच्या सगळ्यात उंच फांदीवर त्यांचं मार्गदर्शन केंद्र होतं. आजवर चाळीस प्लॅन त्यांच्या हाताखालून गेले होते.

"सर, तुम्ही कुठला धंदा केलात?" तानीने भाबडेपणाने विचारलं.

"मी धंद्यात पडलो असतो, तर मार्गदर्शनाला वेळ कुठून मिळाला असता?" सर म्हणाले. तानीला ते पटलं. नव्याने शिकायला आलेल्याला सगळंच पटतं.

"आता सांग, तू नेमकं काय करतेस?"

"गोचिडी खाते."

सर फांदीवरून पडता पडता वाचले. "असं परीक्षकांपुढे बोललीस तर पहिल्याच वाक्याला बाहेर! तू खात नाहीस. तू त्वचा-आरोग्य क्षेत्रात सेवा पुरवतेस. आणि गोचीड नाही म्हणायचं. वेदनाबिंदू म्हणायचं."

"पण ती गोचीडच असते, सर."

"तुला जांभूळ पाहिजे ना?"

तानीला जांभूळ पाहिजे होतं. म्हणून ती शिकू लागली. सागाच्या तेरा पानांवर सादरीकरण तयार झालं. पहिल्या पानावर स्वप्न, दुसऱ्यावर त्याहून मोठं स्वप्न, तिसऱ्यावर वर वर जाणारी एक रेघ. ही रेघ कशाची, असं तानीने दोनदा विचारलं. सर म्हणाले, रेघ वर जातेय ना, मग पुरे.

महिनाभर तालीम चालली. सकाळी उच्चार, दुपारी हावभाव, संध्याकाळी आत्मविश्वास. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. तानीने महिनाभर कुणाचा कान पाहिला नाही.

एक दिवस दाजीबा वडाखाली आला. पठार उतरून यायला त्याला अर्धा दिवस लागला होता. त्याने मान वर केली.

"तानी, उजव्या कानात ठणका लागलाय गं. येतेस का?"

तानी खाली झेपावणार, एवढ्यात हुप्पे सरांनी तिच्याकडे पाहिलं. नवव्या पानाची तालीम चालू होती. नवव्या पानाचं नाव होतं, 'ग्राहक हाच राजा'.

"परवा येते हं, दाजीबा," ती म्हणाली.

दाजीबाने मान खाली घातली. आला तसा परत गेला. तानीला त्या दिवशी नववं पान पाचदा चुकलं.

परवा काही ती गेली नाही. मग स्पर्धेचा दिवसच उजाडला. इकडे ती हडकली होती, कारण भाषणाने पोट भरत नाही. तिकडे गोचिडी माजल्या होत्या, कारण त्यांना भाषण ऐकावं लागत नव्हतं.

वाघमहाराजांच्या गुहेबाहेर एकतीस स्पर्धकांची रांग लागली. ऊन चढलं. तानीच्या मागे एक बगळा एका पायावर उभा होता. त्याचं नाव धोंडू.

"तुमचा प्लॅन काय?" तानीने विचारलं.

"चरणसेवा," धोंडू म्हणाला. मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "म्हशींच्या पायांवरचे किडे टिपतो हो. चरणसेवा हे हुप्पे सरांनी सुचवलं."

त्याच्याही मागे एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी होता. तो म्हणाला, "मी कोतवाल. नुसतं नाव आहे, अधिकार काही नाही. हवेतल्या माश्या धरतो. माझ्या प्लॅनचं नाव 'आकाश-स्वच्छता' आहे."

तिघंही एकमेकांकडे बघून हसले. तिघांनाही भूक लागली होती.

तेवढ्यात रांगेशेजारी जमीन हलल्यासारखी झाली. दाजीबा आला होता. त्याची मान खाली लोंबत होती. उजवा कान सुजून पानासारखा न राहता भोपळ्यासारखा झाला होता. भोवती माश्यांचं मोहोळ.

"मी थांबतो," तो म्हणाला. "तुझं होऊ दे."

तानीने गुहेकडे पाहिलं. कानाकडे पाहिलं. आणि मुलांनो, महिनाभर घोकलेली तेरा पानं तिने खाली टाकली. ती सरळ दाजीबाच्या डोक्यावर जाऊन बसली.

"धोंडूभाऊ, पायाचं तुम्ही बघा. कोतवालदादा, या माश्या हटवा, मला दिसत नाहीये."

तिघं कामाला लागले. तिघांची आधी ओळख नव्हती, पण कुणी कुणाला आडवं आलं नाही. धोंडू खाली, कोतवाल वर, तानी कानात. एकेक गोचीड निघाली, तसा दाजीबाचा श्वास मोकळा होत गेला. उजवा कान संपत आला आणि आतून सचिवांची हाक आली, "सोळा नंबर! तानी साळुंकी!"

तानी तशीच आत गेली. चोचीत शेवटची गोचीड होती.

आत तीन परीक्षक होते. मध्ये वाघमहाराज. उजवीकडे डुक्करशेठ. त्यांच्या वडिलांनी रताळ्याचं एक अख्खं रान उकरून ठेवलं होतं, आणि शून्यातून कसं उभं राहावं यावर शेठ गावोगाव भाषणं देत. डावीकडे घुबडाचार्य. मोठे विद्वान. फक्त स्पर्धा दुपारी ठेवल्यामुळे ते झोपलेले होते. वेळ मोजायला एक कासव होतं. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल तोवर बोलायचं.

तानीने गोचीड गिळली. "माफ करा. जेवत होते."

"सादरीकरण कुठे आहे?" सचिवांनी विचारलं.

"बाहेर पडलं. तोंडी सांगते. दुपारी तळ्यावर जनावरं येतात. मी जांभळावर बसेन. त्यांच्या गोचिडी काढेन. बस."

कासवाने अजून पहिलं पाऊलही टाकलं नव्हतं.

डुक्करशेठ पुढे झुकले. "उत्पन्नाचं साधन?"

"गोचिडी."

"नफा?"

"पोट भरतं."

"विस्ताराची काही योजना?"

तानीने विचार केला. "जास्त खाल्लं तर पोटच विस्तारतं. मग उडता येत नाही."

सचिवांनी वहीत काहीतरी खोडलं. महाराजांनी मोठी जांभई दिली. त्या आवाजाने घुबडाचार्यांचा एक डोळा उघडला आणि त्यांनी दिवसातला एकमेव प्रश्न विचारला.

"आणि जंगलातल्या गोचिडी संपल्या तर?"

"तर बरंच होईल की!" तानी आनंदाने म्हणाली.

सचिवांनी लिहिलं, 'उद्योजिकेची स्वतःच्या उद्योगावर निष्ठा नाही.' तानीला निकालापर्यंत कोपऱ्यात बसायला सांगितलं.

तिच्यानंतर काही नंबर सोडून नीलकांत मोराचा नंबर होता. तो नाचाच्या शिकवणीचा प्लॅन घेऊन आला होता. पण पडद्याआड उभा राहून त्याने घुबडाचार्यांचा प्रश्न ऐकला होता. मोर दिसतो तेवढा साधा नसतो. त्याने उभ्या उभ्या प्लॅन बदलला.

आत गेल्यावर त्याने आधी पिसारा फुलवला. कासव तो बघत जागीच थांबलं. त्यामुळे मोराला हवा तेवढा वेळ मिळाला.

"महाराज," नीलकांत म्हणाला, "या जंगलात गोचिडी काढणारे पुष्कळ आहेत. पण उद्या गोचिडी कमी पडल्या तर? या धोक्याचा विचार कुणी केलाय? मी सादर करत आहे, गोचीड संगोपन केंद्र! जांभळाच्या ढोलीत वैज्ञानिक पद्धतीने गोचिडींची पैदास. पाच वर्षांत चाळीसपट!"

डुक्करशेठ उठून उभे राहिले. "याला म्हणतात दूरदृष्टी!"

घुबडाचार्य झोपेतच मान हलवू लागले. महाराजांना नीट कळलं नव्हतं, पण पिसाऱ्यावरचे डोळे इतके होते, की एवढे सगळे चुकत असतील असं त्यांना वाटेना. त्यांनी पंजा उचलला. पहिलं बक्षीस नीलकांत मोर! त्याला मिळालं अख्खं जांभूळ, सागाची एक ढाल, आणि बीजभांडवल म्हणून निवडक दीडशे गोचिडी.

तानीला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. पळसाच्या पानावर. तिचं नाव त्यात 'नानी' असं लिहिलं होतं.

ती बाहेर आली. तिला रडू फुटत होतं. महिना गेला, मांस गेलं, जांभूळ गेलं. बाहेर धोंडू आणि कोतवाल उभे होते. त्यांच्याही चोचीत पळसाची पानं होती. दाजीबा मात्र बसला होता.

"जिंकलीस का?" त्याने विचारलं.

"नाही, दाजीबा."

"बरं झालं. डावा कान राहिलाय."

तानीला रडता रडता हसू आलं. ती त्याच्या डाव्या कानाशी जाऊन बसली. मग कान पुसून झाल्यावर ती म्हणाली, "दाजीबा, त्या दिवशी वडाखालून तुम्हाला परत पाठवलं. माझं चुकलं."

"हं," दाजीबा म्हणाला. तो कमी बोलायचा, हे मी सांगितलंच आहे. थोड्या वेळाने तो आपणहून पुढे म्हणाला, "तुला फांदीच पाहिजे होती ना? माझी पाठ आहे की. रुंद आहे. आणि चालतेसुद्धा."

तिघं पक्षी एकमेकांकडे बघत राहिले. हे इतकं समोर होतं, की तेरा पानांत कुठेच बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दाजीबा दुपारी तळ्याकाठच्या चिखलात उभा राहू लागला. पाठीवर तिघं. पाण्यावर येणारं जनावर आधी थबकायचं, मग हळूच शेजारी येऊन उभं राहायचं. भेकरं आली, सांबरं आली. लाजत लाजत तरससुद्धा आलं.

आणि समोर जांभळावर पाटी लागली. 'गोचीड संगोपन केंद्र. विनापरवाना बसू नये.' उद्घाटनाला फीत कापली गेली. मोर नाचला. दीडशे गोचिडी ढोलीत सोडल्या गेल्या.

आता गोचीड काही स्पर्धेतल्या प्लॅनसारखी नसते. ती खरोखरच वाढते. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. तीन आठवड्यांत ढोली भरली, खोड भरलं, फांद्या भरल्या. मग वारा आला की जांभळाखाली गोचिडींचा सडा पडू लागला. जंगलात कान असलेला एकही जीव सुटला नाही.

मोराचं मात्र बरं चाललं होतं. शेजारच्या जंगलातून त्याला 'माझी यशोगाथा' सांगायचं आमंत्रण आलं आणि तो गेला. पिसाऱ्यात नमुन्यादाखल थोडा माल होताच. पुढच्या महिन्यात त्या जंगलातही बरंच खाजवणं सुरू झालं, असं ऐकलं.

इकडे दाजीबाच्या पाठीवर जागा पुरेना. तानीने आपल्या सहा मावस बहिणी बोलावल्या. धोंडूने बगळ्यांचा अख्खा थवा आणला. हरलेले पक्षी एकेक करून येऊन मिळाले. पाठी कमी पडल्या, तेव्हा दाजीबाने आपल्या कळपाला निरोप धाडला. बारा गवे रांगेत उभे राहिले. प्रत्येकाच्या पाठीवर पाच-सहा पक्षी, आणि सगळ्यांची पोटं भरलेली.

एका दुपारी रांग अचानक फाटली. भेकरं बाजूला पळाली. वाघमहाराज आले होते. दोन्ही कान सुजलेले, शेपूट कुरतडल्यासारखी, डोळे लाल. मागून सचिव फाईल घेऊन धावत होते. तेही खाजवत होते.

महाराजांनी कुणाला काही विचारलं नाही. चिखलात सरळ आडवे झाले.

तानीने आधी त्यांचे दात पाहिले. पण कान शेवटी कान असतो. ती आत शिरली आणि कामाला लागली. हळूहळू महाराजांच्या घशातून मांजरासारखा आवाज येऊ लागला.

"कमाल आहे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "इतकं चांगलं काम येतं तुला! आमच्या स्पर्धेत का नाही उतरलीस?"

"उतरले होते, महाराज."

"हो? कितवी आलीस?"

"शेवटून तिसरी."

महाराजांचा एक डोळा उघडला. "परीक्षक कोण होते?"

सचिव एकदम फाईल उलटीपालटी करू लागले. धोंडूने दुसरा पाय वर घेतला आणि पडला. तानीने कानाच्या आतूनच उत्तर दिलं, "नीट दिसलं नाही, महाराज. त्यातले मधले जांभई देत होते."

महाराजांनी एकदा सचिवांकडे पाहिलं. मग त्यांनी डोळा मिटून घेतला. "दुसरा कानही बघून घे," ते म्हणाले.

त्या वर्षी सचिवांनी स्पर्धेचा अहवाल लिहिला. त्यात एकही ओळ खोटी नव्हती. 'स्पर्धेमुळे जंगलातील गोचीड उत्पादन चाळीसपट झाले. पाच वर्षांचे उद्दिष्ट एका हंगामात पूर्ण. तसेच सदुसष्ट पक्ष्यांना प्रत्यक्ष रोजगार मिळाला.' अहवालाच्या पहिल्या पानावर मोराचं चित्र होतं.

पुन्हा स्पर्धेचे दिवस आले. या खेपेला तानी, धोंडू आणि कोतवाल निकाल ऐकायला गेले. अर्ज केला नव्हता. गुहेबाहेर मागच्या बाजूला जागा धरून बसले.

पहिलं बक्षीस बेडकाला मिळालं. प्लॅन होता, 'सर्व ओढे अडवून बारमाही डासनिर्मिती'. डुक्करशेठनी पुन्हा उभं राहून दूरदृष्टीचं कौतुक केलं.

कोतवालाने डासांचं नाव ऐकलं आणि सावकाश चोच घासायला घेतली. तानीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "तुला किती जण लागतील?"

"डास टिपायला पाकोळ्या चाळीस," कोतवाल म्हणाला. "आणि वेडे राघू मिळाले तर उत्तमच."

मग तिघांनी टाळ्या वाजवल्या. पंखांनी वाजतील तेवढ्या. संपूर्ण सभेत त्यांच्याइतक्या मनापासून कुणी वाजवल्या नाहीत. बेडकाला भरून आलं. तो मागे वळून त्यांना म्हणाला, "हरलेल्यांचा असा मोठेपणा मी कुठे पाहिला नाही."

तात्पर्य (ज्यांना घाई होती, त्यांनी गोष्ट सोडून एवढंच वाचलं असेल): बिझनेस प्लॅन स्पर्धा नवउद्योजकांसाठी अत्यंत मोलाच्या असतात. त्या बंद होता कामा नयेत. पहिला येणारा जंगलात नवा उपद्रव उभा करतो, आणि बाकीच्या तीस जणांना आयुष्यभराचं काम मिळतं. तेव्हा मुलांनो, स्पर्धेत जरूर उतरा, मन लावून हरा, आणि विजेत्याचा प्लॅन मात्र कान देऊन ऐका.